शून्यचूक

औंधच्या क्षेत्रीय कार्यालयात
खिडकीतल्या बाईंनी विचारलं, मयताशी नातं?
पेन हातात धरून मी उभीच राहिले,
मागच्या माणसाने घसा खाकरेपर्यंत.
मग लिहिलं : मुलगी.

अण्णा, तुम्ही तेहेतीस वर्षं तपासनीस होता
खडकीच्या कारखान्यात.
इंजिनांचे सुटे भाग तुमच्या हाताखालून जायचे,
चुकलेल्यावर तुम्ही लाल ठिपका ठेवायचात.
बोपोडीला घरी येऊन कोपरापर्यंत हात धुवायचात
तरी ठिपका सोबत यायचाच :
भातावर, माझ्या अक्षरावर,
आईच्या हसण्यावर, ते जरा मोठं असायचं म्हणून.
दहावीला ब्याऐंशी टक्के पडले तेव्हा
"उरलेले अठरा कुठे सांडलेस?"
काळभोर काकू पेढा तोंडात धरून
तशाच थांबल्या होत्या.

आई गेली त्या महिन्यात मी बोलले ते बोलले.
"मोजून मोजून संपवलंत तिला."
हे वाक्य मी दापोडीच्या पुलावर, बसमध्ये उभ्या उभ्या
दोनदा घासूनपुसून घेतलं होतं.
तुम्ही पेपरची घडी घातलीत.
कडेला कड जुळवून.
त्यानंतर नऊ वर्षं.

नऊ दिवाळ्या मी फराळाचा डबा काकूंकडे ठेवला,
नऊदा तो परत आला, लख्ख घासलेला.
रिकामं भांडं परत देऊ नये, हे आई पाळायची.
तुमच्या डब्यात साखरेचा दाणाही नसायचा.
पण चकली तरी खाल्लीत ना?
काकू म्हणतात, विचारलं नाही बाई कधी.

वैकुंठात मला बटण दाबायला सांगितलं.
दाबलं. रडले नाही.
नंतर पार्किंगची पावती सापडेना
तेव्हा त्या पोरासमोर हमसून हमसून रडले,
तो म्हणाला, राहू द्या ताई, राहू द्या, दहाच रुपये आहेत.

मग कपाट.
लोक सांगतात, अशा माणसांच्या कपाटात काहीतरी निघतंच,
जपलेला फोटो, न टाकलेलं पत्र.
खोटं कशाला बोलू, मी शोधलं.
कागदांखालचे कागदसुद्धा उलटले.
बावीस वर्षांची विजेची बिलं निघाली, क्रमाने.
पेन्शनचं पुस्तक. नाडीचा गुंडाळा.
माझं काही नव्हतं.

आणि व्हर्नियर, निळ्या मखमलीच्या पेटीत.
सातवीत एकदाच तुम्ही माझा हात धरून
तो वापरायला शिकवलं होतंत.
"आधी जबडे मिटून बघायचं.
मिटलेलं असताना शून्यच दिसलं पाहिजे.
नसेल दिसत, तर ती आपल्या हत्याराची चूक.
ती वजा करायची. मग दुसऱ्याला नावं ठेवायची."
पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली पट्टी,
तुमचं टोकदार अक्षर :
अधिक ०.०४. वजा करण्यास विसरू नये.

इतकं ठाऊक होतं तुम्हाला.
मग घरी?

मी जबडे मिटले, उजेडात धरले.
चष्मा आणला नव्हता,
रेघा एकमेकींत शिरत राहिल्या.
माझीही चूक किती ते वाचता आलं नाही.

काल दाखला मिळाला.
मुरलिधर, असं छापलंय. लि ऱ्हस्व.
बाई म्हणाल्या, कोण बघतंय एवढं?
कागद मी परत आत सरकवला.
"वेलांटी दुसरी हवी," म्हटलं,
आणि ते कोणाच्या आवाजात निघालं
ते ऐकून माझी मीच दचकले.
रांग कुरकुरली. पंखा खडखडत होता.
पुढच्या मंगळवारी या, म्हणाल्या.

येईन, म्हटलं.