दोन चौकोन

वाल्दिव्हियात जून.
लाकडाच्या शेगड्यांचा धूर नदीवर बसून राहिलेला.
टेबलावर खरेदीपत्र, त्यात दोन चौकोन:
डिस्क. टेप.
खूण एकावरच करायची, पैसे एकापुरतेच.
खाली सही माझी, मिरेया ओयार्सुन, लेखा विभाग,
जिला समुद्रातलं फार तर मासळीचा भाव कळतो.

पण त्रेचाळीस वर्षांची भरती-ओहोटी,
दर सहा मिनिटांनी मोजलेली,
या इमारतीत आहे. ती हरवली
तर समुद्र काही पुन्हा सांगायला यायचा नाही.

गास्पार म्हणतो, डिस्क.
विचारलंत की उत्तर हजर.
गास्पार कॉफीही उभ्यानंच पितो.

एलिओदोरो कपाट उघडतो,
एक टेप माझ्या तळहातावर ठेवतो,
साबणाच्या वडीपेक्षा जराशी मोठी.
“हिला वायर नाही,” म्हणतो. एवढंच.

आणि मला सप्टेंबरची ती रात्र आठवते.
कुणा दूरच्यानं आमच्या डिस्कना कुलूप घातलं
आणि किल्लीचा भाव कळवला.
मूळ, मुळाची प्रत, प्रतीची प्रत,
सगळ्या एकाच तारेत ओवलेल्या, एकदमच मुक्या झाल्या.
कपाटातल्या टेपकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

तरी चार दिवस लागले.
टेपला मधूनच सांगता येत नाही,
गुरुवार हवा तर सोमवारपासून ऐका.
चार दिवस बंदरावरून फोन,
चार दिवस माझं “उद्या नक्की”.

“आणि सत्त्याऐंशीची पेटी?” गास्पार विचारतो.
खरंय.
त्या टेपा धडधाकट होत्या,
त्या वाचणारं यंत्र मेलं होतं.
एलिओदोरो बसनं कोन्सेप्सियोनला गेला
आणि कुणाचं तरी यंत्र मांडीवर घेऊन आला,
शेजाऱ्याचं उसनं भांडं जपावं तसं.
दोन टेपा राहिल्या वाचायच्या. भांडं परत गेलं.

मी दोघांना विचारलं,
“ठेवलेलं परत काढून पाहिलंय, शेवटचं कधी?
कुणी कुलूप घातलेलं नसताना?”

दोघंही नदीकडे बघू लागले.

पलीकडे मासळीबाजारापाशी
समुद्रसिंह आतड्यांच्या बादलीवरून भांडत होते.

मी खूण केली नाही.
दोन चौकोनांच्या मधल्या जागेत
पेन्सिलीनं लिहिलं:
आधी एक मंगळवार परत आणा.
कुठलाही.
मी घड्याळ लावून बसते.