देव किती?

चिरक बसतो उपटलेल्या पऱ्हाटीच्या ढिगावर,
शेपूट पार पाठीवर उलटं,
खाली विटकरी डाग,
गेरूचा हात कुणी घाईत पुसावा तसा.
बोलतो दोनच शब्द.

दयाळ कडुलिंबाच्या शेंड्यावर.
पंखात एक पांढरी चिरी,
आणि पहाटे, विहिरीवरची मोटार सुरू व्हायच्या आधी,
गळ्यात इतकं काही
की सांगून संपत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या वहीत दोघं वेगवेगळ्या पानांवर होते,
अकरा वर्षं.
मग नवी यादी आली. रक्त तपासलं म्हणे,
कूळ एकच निघालं.
चिरकाचं जुनं आडनाव मी पेनानं खोडलं.

झितरू आत्रामला वाचून दाखवलं.
त्यानं कानावरची बिडी काढली.
"मंग देव सारखेच निघाले त्यायचे.
भाऊच झाले. सोयरीक नाही होत."
काडी ओढता ओढता थांबला,
"त्यायले कोनं सांगतलं का पन?"

ढिगावर शेपूट उठलं.
वर फांदीवरही, तसंच, त्याच झटक्यानं.
एकानं दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

झितरूनंही पाहिलं नाही धुऱ्यापलीकडे.
तिथं त्याचा थोरला
एकटाच गहू सोंगत होता.