खिडकीतून एकच गठ्ठा

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, दुपारचे अडीच.
तापलेल्या पत्र्याखाली सोळा माग
आणि नरसय्या येमूल, माझ्या प्रोग्रामवर चिडलेले:
"काल हो म्हटलं की याला.
आज परत विचारतंय, फोल्डर उघडू का.
दारातलं कुत्रं एका भाकरीत ओळखतं."

खरं आहे. बंद केला की विसरतो तो.
मीच कोंडलंय त्याला.
त्याचं एक फडताळ आहे, तेवढंच त्याचं;
बाकीचं घर त्याच्यासाठी नाहीच.
काही हवं तर खिडकीशी यायचं.
खिडकीही त्याची नाही, सिस्टिमची.
तुम्ही बोट ठेवाल तेवढंच पलीकडून येणार.

"अम्मा, किल्लीच देऊन टाक सगळ्या घराची.
माझ्याकडं काय सोनं पुरलंय?"

दिली. तात्पुरती, तपासायला.
स्क्रीनवर भराभर उतरलं
मोर, कमळ, टॉवेल तीस-साठ, जीएसटी मार्च,
अनसूया_एमआरआय,
अनसूया_एमआरआय_२,
अनसूया_शेवटचे.

येमूल मागांकडं बघत राहिले.
मी किल्ली काढून घेतली.

माझे बाबा चादरीच्या कारखान्यात होते.
डिझाइनच्या खोलीला कुलूप, भिंतीत हातभर खिडकी,
आणि आत गाजूल मास्तर.
खिडकीतून एकच गठ्ठा मिळायचा,
भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा, दोरीनं ओवलेला.
वहीत सही. संध्याकाळी परत.
एकवीस वर्षं. बाबा आत गेले नाहीत.
आत काय काय असेल हो, मी विचारायची.
"असेल की.
मला मोर विणायचा होता, मोर मिळाला."

सहा ओळी लिहिल्या.
एकदा बोट ठेवलेल्या फोल्डरची चिठ्ठी
फडताळात जपून ठेव,
उद्या खिडकीशी तीच दाखव.
फोल्डर हलवला, चिठ्ठी शिळी झाली,
तर अंदाजानं शोधत फिरू नकोस.
पुन्हा विचार. विचारण्यात कसली लाज.

बंद केला. उघडला.
न विचारता मोर आला, पिसाऱ्यासकट.

"ओळखलं की!"
मग जरा थांबून,
"आणि बाकीचं?"
त्याला दिसतच नाही, मी म्हटलं.
"बरं," ते म्हणाले, "मलापण नको दाखवू."

आणि अकरा नंबरच्या मागावर
धागा तुटला होता की नव्हता, माहीत नाही,
ते बघायला गेले.