हयातीचा दाखला

फैजपूरच्या स्टँडमागे, नेहेतेकाकांच्या सेंटरात
पाच वर्षं मी लोकांचे अर्ज भरते.
उत्पन्नाचे, जातीचे, केळीच्या विम्याचे.
निम्मा वेळ फिरत्या गोलाकडे बघण्यात जातो.

एका दुपारी लाइन पायरीबाहेर, सर्व्हर गाढ झोपेत.
आठ ओळींची एक खोडी लिहिली
आणि ब्राउझरच्या कानात सोडून दिली.

मग गोल फिरू लागला की
बंडूची रिक्षा सुरू होता होता बंद पडायची.
खोडायचं बटण दाबलं की बडगीत भरीत ठेचायची आई,
ठप ठप, अधूनमधून मिरचीची शिंक.
लाल चांदणीची चौकट रिकामी राहिली तर
शेजारची शेळी,
तिला न विचारता रेकॉर्ड केलेली.
राजमुद्रेच्या सिंहांखाली ती बें करायची
आणि सिंह काही बोलायचे नाहीत.

पिंप्रुडची एक बाई मुद्दाम पिनकोड चुकवायची,
कडेवरच्या पोराला ऐकवायला.

अर्ज गेला, की मात्र शिट्टी:
भुसावळहून आणलेली, इंजिनाची, सतरा सेकंद.

नोव्हेंबरात सुपडूआप्पा भारंबे आले.
लोको शेडात चौतीस वर्षं,
डावा कान तिथेच राहिलेला,
अंगठ्याच्या रेषाही.
ठेवला अंगठा. शेळी.
धोतराला पुसून ठेवला. शेळी.
तिसऱ्यांदा म्हणाले,
"हे मशीन मले बोकड समजते का?"
चौथ्यांदा शिट्टी झाली.
आप्पा खुर्चीतून उठले, मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
"लेट आहे," म्हणाले, "पण आली."

उन्हाळ्यात यावलहून साहेब आले तपासणीला.
त्यांनी स्वतः पान उघडलं, स्वतः चौकट रिकामी सोडली.
पुढचं सांगत नाही.
काका एवढंच म्हणाले, "काढ."
आठ ओळी. काढायला किती वेळ लागतो.

यंदा आप्पांचा अंगठा पहिल्याच झटक्यात जुळला.
पावती निघाली, शिक्का मारला, हातात दिली.
आप्पा उठेनात.
उजवा कान मॉनिटरकडे करून बसले.
मागे लाइन खाकरू लागली.

"शिट्टी नी वाजली, पोरी.
मंग मी आहे का नी?"

काका चहाला गेले होते.
मी दोन बोटं तोंडात घातली.