शुद्धिपत्र

कळंबच्या तहसील आवारात, झेरॉक्सच्या टपरीला पाठ लावून
माझं मशीन बसतं. मी त्याच्यामागं. एकतीस वर्षं.
वारस, रेशन, नावातली दुरुस्ती,
आणि नऊ वर्षांमागं हरणाबाई काळेचा अर्ज:
पोरगा चौकशीला नेला, माघारी आला नाही.
चार प्रती, तीन कार्बन.
पैसे नंतर देते म्हणाली. नंतर दिले.

यंदा शिमग्याच्या आधी खासदारबाईंचा सचिव आला घामाघूम.
बाई देशाच्या शिष्टमंडळातून परदेशी चालल्यात,
जगभरच्या संसदा तिथं एका छताखाली बसून
माणसाच्या हक्कांवर बोलतात म्हणे.
आपले नऊजण. त्यात दोन विरोधी पक्षाचे,
आणि एक अधिकारी नुसता घड्याळाकडं बघायला.
मी चौथी प्रत काढली, कोपरा उंदरानं चाखलेला.
त्यानं मोबाईलवर फोटो घेतला. चहा नको म्हणाला.

कागदाचं पुढं काय काय झालं ते उशिरा कळलं.
दिल्लीत आधी नाव गेलं, मग गाव.
पोलीस गेले, 'संबंधित यंत्रणा' आल्या.
काळे गेलं, 'वंचित समूहातील एक माता' आली.
आकडा मात्र कुणी हलवला नाही.
आकड्यावर लोकांचा फार विश्वास.

परवा हरणाबाई भाच्याचा मोबाईल घेऊन आली.
"माझं बोलनं झालं म्हनं तिकडं. लावा की."

लावलं. गोल सभागृह, देशांच्या पाट्या,
दोन अनोळखी पाट्यांच्या मधोमध आपली.
बाई इरकलमध्ये. मागं आपलाच एक सदस्य
पाण्याच्या बाटलीचं झाकण शोधतोय.
एका देशाला तीन मिनिटं.
बाई इंग्रजीत वाचत होत्या, हरणाबाई त्यांच्या हातांकडं बघत होती.
दुसऱ्या मिनिटाला बाई म्हणाल्या: नाईन्टीन.

तिनं सोळा सांगितलं होतं. मी एकोणीस टाइप केलं.
शेजारी वकील घाई करत होता, म्हणू शकतो.
पण सचिवाला प्रत देताना मला ते दिसलं होतं.
६ आणि ९, पाठीला पाठ लावून रुसलेले दोन भाऊ.
तो घाईत होता.
मी बोललो नाही.
म्हणून एकशे कितीतरी देशांच्या कानात
एक लेकरू सज्ञान होऊन गेलं.

पिवळा दिवा लागला, तशी बाईंनी कागद पालथा घातला
आणि आपल्या बोलीत म्हणाल्या,
"लेकरू होतं हो ते."
वरच्या काचांमागं दुभाषांची तोंडं मिटली.
कुणी हेडफोन हलवून बघितला, कुणी बटण दाबलं.
अध्यक्षांनी चष्मा काढला.
मग लाल दिवा.
इतिवृत्तात तेवढ्या जागी लिहिलंय म्हणे:
वक्त्या क्षणभर अन्य भाषेत बोलल्या.

"ते परत लावा," हरणाबाई म्हणाली.
परत लावलं. चार वेळा.
मोबाईल गरम झाला, टपरीवाल्यानं झेरॉक्स थांबवलं.
"सोळाचा व्हता. ते सांगितलं का बाईनं?"

"सांगितलं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. किती झाले, विचारलं.
मी म्हटलं, ऐकायचे पैसे कुठं असतात का.
मग ती पुलाकडच्या रस्त्यानं गेली, मांजरेला यंदा पाणी नाही.

आवार रिकामं झालं. कागद लावला.
प्रति, मा. अध्यक्ष. पत्ता कोरा सोडला.
विषय: वयाबाबत.
परिच्छेद दोन, ओळ चार,
१९ ऐवजी १६ असे वाचावे.
चूक टंकलेखकाची आहे. मातेची नाही.
कळावे.

सही करण्याआधी वाकून बघितलं, आकडा नीट उठलाय का.
स्वच्छ उठलाय.
सहाचा खिळा साबूत आहे.
काही झालं नव्हतं त्याला कधीच.