पिकेरा

मार्केट यार्डामागे राहतो, म्हणून
कॅबिनेट उघडलं की पंख्याच्या पात्यांवर
पिवळी साय.
सौदे थांबले तरी हळदीचं उडणं थांबत नाही.
ब्रश फिरवतो. ग्राफिक्स कार्ड उपसतो,
त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासतो,
परत खोचतो. खट्.

सफरचंद उगवतं.
खालची पांढरी रेघ सरकते, अर्धी, पाऊण,
आणि काळं.
पंखे फिरतायत, कीबोर्डचा दिवा हुकूम ऐकतोय,
आत कुणीतरी आहे
आणि कडी काढत नाही.

मंगळवारपासून हे चाललंय.

महावीर मगदूम, कार्ड त्यानंच विकलं, फोनवर म्हणाला,
"विंडोज टाक की गप.
पीसी हाय तो. त्याला मॅक हायस म्हणून
कशाला शिकवत बसलायस?"
सीरियल नंबर उसना, मॉडेलचं नाव उसनं,
बूट होताना ह्यानं खोटं सांगायचं,
त्यानं खरं मानून घ्यायचं.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.
शोरूममधल्या त्या राखाडी डब्याची किंमत
म्हणजे माझी अख्ख्या वर्षाची रेकॉर्डिंगं,
उधारी धरून.
मग जे आणता येतं ते आणलं.

रात्री दीडला कळलं, एक शब्द राहिलाय.
पिकेरा.
कुठल्या भाषेतला, देव जाणे.
बूटच्या ओळीत शेवटी लिहायचा.
तपासणी चालूच राहते म्हणे,
फक्त जो कागद तपासायचा
त्याच्या नावातलं एक अक्षर बदलतं.
पहारेकरी फायली उलथत बसतो
आणि चित्र त्याच्या काखेखालून आत येतं.
मी आधी पिकेरो लिहिलं.
पुन्हा काळं.
मग भडंगाचा हात पँटला पुसून
एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं.

आलं.
तीनला स्क्रीनवर निळे डोंगर आले
आणि मी एकटाच खोलीत "आलं, आलं" करत उभा.

सकाळी वडापनं मिरजेहून रियासतभाई,
मांडीवर तंबोरा, गवसणीत.
आणि थंडरबोल्ट म्हणतंय: काहीही जोडलेलं नाही.
पुण्यातल्या एका बुडालेल्या स्टुडिओची ती पेटी,
आठ माइकची, जड,
टेबलावर दिवा लावून बसलीये
आणि हा म्हणतो, काहीही जोडलेलं नाही.
वायरीचं तोंड यूएसबीसारखंच.
तोंडावर जाऊ नये.

बोर्डाची केबल ह्या कार्डाला चालत नव्हती.
पाच पिना, त्यातली तिसरी आणि पाचवी जोडायची,
चौथीला शिवायचं नाही.
"तार आहे का बारीक?" हे मी स्वतःशीच.
रियासतभाईंनी खिशातून पुडी काढली,
खर्जाच्या तारेचा तुटका शेव,
पितळी, बोटभर.
स्वतःच वळवला, चिमट्यानं,
जवारी काढताना धागा सरकवतात
तसा श्वास धरून.

पेटी आधी चालू करायची, मशीन मागाहून.
चालू असताना उपटली तर ती परत ओळख देत नाही.
हे कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवलं.

पहिला टेक हॉर्ननं घालवला,
दुसरा हमालांच्या भांडणानं.
तिसऱ्याला पडद्यावर चार हिरवे खांब
सावकाश चढले, उतरले,
पंचम, जोड, जोड, खर्ज.
मी हेडफोन दाबून धरले होते.

"कुठल्या कंपनीचं मशीन?" त्यांनी जाताना विचारलं.
मी खिडकी उघडून दाखवली, त्यात नाव होतं.
त्यांनी वाचलं, मग उघड्या कॅबिनेटकडे पाहिलं,
पिवळ्या पंख्याकडे, आपल्या तारेकडे.
म्हणाले, आजोबांचे तंबोरे
मुंबईच्या दुकानाची पट्टी लावून विकले जायचे.
आणि गवसणीची नाडी बांधू लागले.

उजव्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला:
नवीन अपडेट आलंय. आज रात्री करू?
नको.
उद्या आठवण देऊ?
नको म्हटलं ना.