गार टायरचा आकडा

मक्याचे ट्रक संपले की संध्याकाळी काटा मोकळा असतो.
नेब्रास्काच्या या टोकाला त्यानंतर फक्त वारा येतो.
त्या दिवशी आली लव्हॉन टेसार, मागे ट्रेलर,
दाराशी पत्रा चेपलेला. ऑर्विलनं तो
गुरांच्या फाटकाला घासला होता
आणि वर्षभर खापर वाऱ्यावर फोडलं होतं.

"वजन कर," म्हणाली, "रिकाम्याचं नको,
निघणार आहे तश्शी."
टाकीत पाणी, गॅसची नळकांडी दोन,
दुर्बीण, कुत्र्याचं अंथरूण, प्लमच्या मुरांब्याच्या बरण्या.

आतल्या कपाटाच्या दारावर पेन्सिलनं: पासष्ट.
खाली दोन रेघा. ऑर्विल असाच लिही,
वाद नको म्हणून.
त्या पासष्टात जनरेटर होता, बिडाचा तवा,
शिशानं जड झालेली गळांची पेटी.
तो स्वतः नव्हता. तो पुढे गाडीत बसायचा;
माणूस ट्रेलरच्या वजनात धरत नाहीत.

एकेक चाक काट्यावर घेतलं.
सातशे पौंड कमी. चुलीकडची बाजू जराशी जड.
टायरचा तक्ता काढला, बोट फिरवलं: पन्नास पुरतील.
मी म्हणालो, पंचावन्न ठेव, दोन्हीकडे सारखे,
जड चाकाला विचारून.
हलक्या ट्रेलरला पासष्ट म्हणजे
खड्ड्याखड्ड्यावर उडी, बरण्यांचा चुरा
आणि टायर मधोमध झिजलेला.

ती वाकलीच, टोपण काढायला.
थांब, म्हटलं. अकरा मैल आलीस, टायर तापलेत.
तापलेला टायर खोटं बोलतो असं नाही,
आत्तापुरतं खरं बोलतो.

रात्री कोठाराच्या आवारातच राहिली.
पहाटे, डाव्या बाजूला ऊन लागायच्या आत,
गेजवर एकसष्ट.
गेल्या ऑगस्टात पासष्ट भरलेले, त्याच्या हातचे;
चार आपसूक गेले होते.
उरलेल्यांतले सहा तिनं सोडले,
थोडे थोडे, मधेमधे मोजत.
कुत्रं त्या फुस्स आवाजावर भुंकत राहिलं.
मला वाटलं, रडेल. ती म्हणाली,
"हवेला रबराचा वास येतो,"
आणि दुसऱ्या चाकाकडे गेली.

कपाटावरचा पासष्ट पुसला नाही.
शेजारी लिहिलं पंचावन्न. एकच रेघ.

पावतीवर 'माल' असा रकाना असतो:
मका, सोयाबीन, गहू.
मी तो कोरा ठेवला. पाच डॉलर घेतले,
ऐकेना म्हणून.
मग ब्रोझेकचा ट्रक चढला
आणि काटा पुन्हा हलला.